ठणक्याच्या आधीची दाढ

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या एकामागून एक दिसत राहतात. हिंजवडी, माण, मारुंजीकडे नव्या सोसायट्यांच्या खालच्या गाळ्यांत किराणा, मेडिकल आणि दातांचा दवाखाना जवळजवळ बरोबरच उघडतात. पौड ओलांडलं की पाट्या विरळ होतात. पुढे मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे किंवा भांबर्डे, एकोले, तैलबैल्याच्या अंगाला गेलं तर शोधूनही सापडत नाहीत. त्या बाजूच्या माणसाला दाढ दाखवायची तर अख्खा दिवस मोडतो, आणि भातलावणीत दिवस मोडणं कुणाला परवडत नाही. मग मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या, दाढेत धरलेली लवंग, गालाला गरम फडक्याचा शेक. दोन दिवसांत ठणका उतरतो आणि दाढ बरी झाली असं सगळं घर धरून चालतं.

खरं तर तेव्हा बहुधा दाढेतली नस मेलेली असते. दुखायला नसच उरली नाही, म्हणून दुखणं थांबलं. आत जंतूंचं काम चालूच राहतं आणि काही महिन्यांनी मुळाशी गळू धरतं. दवाखाना घराखाली असलेल्या भूगावच्या माणसाचंही असंच होतं, कारण दुखेपर्यंत थांबायची सवय दोन्हीकडे आहे. म्हणून मला वाटतं, मुळशी तालुक्यातला दातांचा प्रश्न दवाखाने किती आहेत याचा आहेच, पण माणूस दवाखान्याची पायरी कधी चढतो याचा त्याहून मोठा आहे. जी दाढ आज एका बैठकीत, जेमतेम अर्ध्या तासात भरून होते, तीच वर्षभराने रूट कॅनाल आणि कॅप मागते आणि आणखी वर्षाने काढावी लागते. प्रत्येक टप्प्यावर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी केली. ५ आणि १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांचे दात किडलेले निघाले. ३५ ते ४४ या वयात हे प्रमाण पाचांत चार एवढं होतं आणि हिरड्यांचे विकार त्याहूनही जास्त. दातांची तक्रार नसलेलं घर तालुक्यात सापडणं कठीण आहे, असं मी म्हणतो ते या आकड्यांच्या जोरावर.

‘कीड’ या शब्दाने आपला फार घोटाळा केला आहे. लहानपणी कोळवण खोऱ्यातल्या एका घरी मी दाढेचा किडा पाडताना पाहिलं. निखाऱ्यावर तूप लावलेलं रिंगणीचं बी टाकलं, वर करवंटी पालथी घातली आणि तिच्या डोळ्यातून येणारा धूर दुखणाऱ्या बाईने तोंड उघडून दाढेवर घेतला. मग तिने परातीतल्या पाण्यात लाळ सोडली. पाण्यावर पांढरे, वळवळल्यासारखे बारीक तुकडे तरंगत होते. ‘पडले बघा,’ असं म्हणत म्हातारीने परात सगळ्यांना दाखवली. ते तुकडे म्हणजे तापून तडकलेल्या बियांतून बाहेर पडलेले कोंब होते, हे मला खूप उशिरा कळलं. दाढेत किडा कधीच नसतो. दातांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की तो थर आम्ल तयार करतो, आणि त्या आम्लाने दाताच्या वरच्या टणक कवचातले क्षार विरघळतात. लाळ अर्ध्या-पाऊण तासात हे आम्ल निवळवते आणि थोडे क्षार परतही देते. तेवढा वेळ मिळाला तर दात टिकतो.

म्हणूनच साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाल्ला तर दातावर एकदाच हल्ला होतो. सकाळपासून चार वेळा गोड चहा, प्रत्येक चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, मधे पोरांच्या हातात पाच रुपयांचा पुडा, असं चाललं की लाळेला सवडच मिळत नाही. आजीच्या पिढीचे दात आपल्यापेक्षा चांगले होते असं म्हणतात. ते खरं असेल तर त्यामागचं एक कारण नक्कीच हे, की भाकरी आणि भाताच्या मधल्या वेळी खायला फारसं काही नसायचं.

पण आजीची राखुंडी मात्र मी परत आणा म्हणणार नाही. भाताचा तालुका, तेव्हा काही घरांत तुसाची राख, काही घरांत गोवरीची, त्यात मीठ. भाताच्या तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे जवळपास वाळूच. बोटाने चोळून चोळून दात पांढरे दिसतात, पण हिरडीजवळ खाच पडते आणि गार पाणी लागलं की दात आंबतात. पन्नाशीच्या पुढच्या अनेकांच्या दातांवर अशा खाचा दिसतात. कडूनिंबाची किंवा बाभळीची काडी त्या मानाने बरी, पण मऊ चावून घेतलेली, आणि दाढांच्या मागच्या बाजूला ती पोचत नाही.

मिसरीबद्दल जास्त लिहायला हवं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटाने हिरड्यांवर फिरवायची, मग दुपारी, मग रानातून आल्यावर. हे दात घासणं म्हणून सुरू होतं आणि तलफ म्हणून टिकतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरी भाजलेल्या मिसरीपर्यंत ती बंदी पोचू शकत नाही. २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू वापरणारे निघाले, विडी-सिगारेटवाले फक्त ३.८ टक्के. आपल्या राज्यात तंबाखू ही मुख्यतः तोंडात धरायची गोष्ट आहे, आणि बायकांमध्ये ती मिसरीच्या डबीत असते. मिसरी लावणाऱ्या बाईला हिरडीतून रक्त येत नाही, म्हणून तिला आपल्या हिरड्या ठणठणीत वाटतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे रक्ताचा इशारा दबून जातो. आत हाड झिजत राहतं.

गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा तंबाखूचा बार धरायच्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ती दाखवलीच पाहिजे. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून तोंड उघडावं आणि आपलीच तीन बोटं उभी आत जातात का ते पाहावं. जात नसतील तर तोंडाची कातडी आतून आवळायला लागली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ही तोंडं रोज दिसतात. तलफ सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. घरातल्या बाईची डबी फेकून देऊन आणि चारचौघांत तिला बोलून मात्र काही होत नाही. ती लपून लावते, एवढंच.

आता रोजचं घासणं. मऊ केसांचा ब्रश, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्रीचं कधीही न चुकवता. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री दातांत राहिलेला कण सर्वांत जास्त नुकसान करतो. पेस्ट कोणत्याही कंपनीची चालेल, पण तिच्यात फ्लोराइड हवं. पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपासचा आकडा असतो, तो पाहून घ्या. दात घासल्यावर फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाचे दात आईबापांनीच घासून द्यावेत, कारण स्वतःच्या हाताने त्याला दाढा नीट घासता येत नाहीत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तिथल्या लोकांनी पेस्ट आणि पाणी दोन्हीबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उपचारांकडे येतो. दाढेवर काळा ठिपका किंवा खड्डा आहे, गोड-गार लागलं की कळ येते आणि लगेच जाते, या टप्प्यावर दाढ भरता येते. किडलेला भाग कोरून काढतात आणि जागा भरतात. पूर्वी चांदी भरत. आता बहुतेक दवाखान्यांत दाताच्या रंगाचं मटेरियल असतं, निळ्या प्रकाशाने ते जागच्या जागी घट्ट होतं. मुलांच्या दातांत आणि हिरडीजवळच्या खाचांत काचेच्या जातीचं सिमेंट भरतात, त्यातून फ्लोराइडही थोडं थोडं सुटत राहतं. खड्डा उथळ असेल तर इंजेक्शनसुद्धा लागत नाही. पण नेमक्या याच टप्प्यावर फार थोडे लोक येतात.

कळ येऊन तशीच राहायला लागली, रात्री आडवं झालं की ठणका वाढला, गरम लागलं की डोळ्यांत पाणी आलं, तर कीड नसेपर्यंत पोचली आहे. आता भरून चालत नाही. रूट कॅनाल करावं लागतं. या नावाची लोकांना वाटणारी भीती जुन्या काळातली आहे. जागा नीट बधिर केली तर दुखत नाही, फक्त तोंड बराच वेळ उघडं धरावं लागतं आणि ड्रिलचा आवाज कवटीत घुमतो. डॉक्टर दाढेच्या माथ्यातून आत शिरतात आणि केसाएवढ्या बारीक सुयांसारख्या कानशींनी मुळांतल्या नळ्यांमधली सडलेली नस काढतात. दाढेत अशा तीन-चार नळ्या असतात. निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाने त्या पुन्हा पुन्हा धुतात, एक्स-रेवर लांबी पडताळतात आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने ठासून भरतात. एका बैठकीत होतं, कधी दोन-तीन लागतात.

आणि इथेच मी माझी दाढ घालवली. पहिल्या बैठकीत नस काढली, वर तात्पुरतं सिमेंट लावलं, ठणका त्याच रात्री गेला. डॉक्टरांनी आठवड्याने बोलावलं होतं. मी कामाच्या धबडग्यात गेलो नाही. तात्पुरतं सिमेंट कधी पडलं ते कळलंही नाही. चार महिन्यांनी भाकरीच्या कडक तुकड्यावर दाढ मधोमध चिरली आणि ती काढण्याखेरीज इलाज राहिला नाही. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते, तिला कॅप लागते, आणि कॅपशिवाय उपचार पुरा झालेला नसतो. ठणका थांबला म्हणून मधेच सोडून देणारे माझ्यासारखे खूप आहेत. पैशांमुळे कॅप लांबणीवर टाकायची असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, दाढेचा माथा थोडा कमी करून किंवा पक्कं भरण करून काही काळ काढता येतो. पण काही न सांगता जाणं बंद करू नका.

दात काढणं हा शेवटचा उपाय, पण काही वेळा तोच योग्य असतो. वरची दाढ काढली तर नजर जाते, असं आजही गावोगाव म्हणतात. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, आणि नजर जात नाही. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम चहा नको, तंबाखू तर मुळीच नको. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघाली तर उघड्या हाडाचा जो ठणका लागतो, तो दाढेच्या ठणक्यापेक्षा वाईट. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांबद्दल आधीच सांगा आणि त्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका.

गोळ्यांवरून आठवलं. मेडिकलमधून घेतलेली अँटिबायोटिक सडलेल्या नसेला बरं करत नाही, कारण मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, मग औषध कसं पोचणार? आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्याचा उपाय तर हिरडी भाजून ठेवतो. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली आणि गळ्याकडे उतरायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, घोट गिळवेना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावं. यात जीव जाऊ शकतो. ताम्हिणीच्या अंगाच्या, पावसात रस्ता बंद पडणाऱ्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

गेलेल्या दाताची जागा मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिच्याकडे कलतात आणि समोरचा त्या जागेत उतरतो. काढघालीची कवळी, शेजारच्या दातांवर बसवलेला ब्रिज किंवा इम्प्लांट असे तीन मार्ग आहेत. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि तंबाखूची सवय किंवा रक्तातली साखर बेताल असेल तर ते धरेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसाला नीट बसलेली साधी कवळीही पुरते. ती रात्री काढून पाण्यात ठेवायची. बाजारात पथारीवर बसून हिरडीवरच मसाला ओतून ‘फिक्स दात’ बसवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. तो मसाला शेजारचे चांगले दातही सडवतो. दवाखान्यात भिंतीवर बीडीएसची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. तो विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

हिरड्यांचं थोडक्यात. ब्रश करताना रक्त येतं म्हणून त्या जागी घासणं सोडलं की रक्त आणखी वाढतं. किटण एकदा चढलं की ब्रशने निघत नाही, मशीनने साफ करून घ्यावं लागतं. अशा सफाईने दात सैल होतात ही समजूत चुकीची आहे. किटणाने हाड आधीच खाल्लेलं असतं, आणि किटणाच्याच टेक्याने दात उभे असतात. टेकू निघाला की हलताना जाणवतात, एवढंच. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून दोनदा हिरड्या दाखवाव्यात. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगावचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, पण वेळ आणि खेपा जास्त लागतात. पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला या खेपा जमतात, भांबर्ड्याच्या बाईला नाहीत. म्हणून दूरच्या गावांसाठी मला शाळेचा मार्ग सर्वांत खरा वाटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडी आणि शाळांत येतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांचे विकार आहेत. तपासणी होते, चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन पौडला किंवा पुण्याला जायचं मात्र पालकांवर राहतं, आणि तिथे साखळी तुटते.

ती तुटू द्यायची गरज नाही, कारण उपचारच शाळेत नेता येतात. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत बसवली गेली. वीज नाही, ड्रिल नाही, हाताच्या अवजारांनी मऊ कीड कोरायची आणि काचेच्या जातीचं सिमेंट भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे सिमेंट, फ्लोराइडची पेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव घातलं. या द्रवाचा एक थेंब किडीवर लावला की कीड बहुधा तिथेच थांबते. तो भाग कायमचा काळा होतो, हे पालकांना आधी सांगावं लागतं. या गोष्टी वर्गातल्या बाकावर होऊ शकतात. पुण्यातल्या महाविद्यालयांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत टूथब्रश वाटून फोटो काढण्यापेक्षा पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढांच्या खाचा भरून द्याव्यात. मला याहून उपयोगी शिबिर माहीत नाही.

ही दाढ नेमकी कशी फसवते ते सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, काही न पडता, गुपचूप एक नवी दाढ उगवते. कुठला दात पडलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे, कशाला भरायची’ म्हणून ती किडत राहते. ती कायमची असते. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात आणि ब्रश नीट पोचत नाही, म्हणून सर्वांत आधी तीच किडते. खेळताना मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता माथ्याकडून उचलावा, घासू नये, कपभर थंड दुधात टाकावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. तो परत बसवता येतो.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा, गाल बोटाने बाजूला करा आणि अगदी मागची दाढ पाहा. तिच्या चिरांत काळं दिसलं तर येत्या आठवड्यात तिला दाखवून या. ती अजून दुखत नसेल. दुखायच्या आधीच जायचं आहे.